उठवायचं नाही, उठायचं

तळमजल्यावरच्या मावशींच्या हातून सारख्या वस्तू पडायच्या. चष्म्याचं घर, रुमाल, किल्ल्या, एकदा तर संत्र्यांची अख्खी पिशवी. आणि पडायच्या त्या नेमक्या आप्पांच्या पायाशी. पडल्या की मावशी खिडकीबाहेरच्या कडुलिंबाकडे टक लावून बघत राहायच्या, आणि मी उचलायला वाकले की माझ्या मनगटावर त्यांचा हात पडायचा. सुरुवातीला मला वाटलं, वयामुळे बाईंच्या बोटांत जोर राहिला नसेल. पण ज्या हाताला रुमाल धरवत नाही त्या हाताची मनगटावर एवढी घट्ट पकड कशी, हे काही केल्या कळेना. तोवर आप्पा खुर्चीचा हात धरून, पुटपुटत, वाकून संत्री गोळा करायला लागलेले असायचे.

लक्ष्मीबाई नगरातली जुनी दुमजली क्वार्टर्स पाडली, त्याच्या आधीची ही गोष्ट. आम्ही वरच्या मजल्यावर आणि मावशींच्या मुलीचं क्वार्टर आमच्या बरोबर खाली. मुलगी ऑडिटमध्ये होती. मी आणि माझा नवरा वेगवेगळ्या मंत्रालयांत. मावशी स्वतः हिंदी अनुवादक म्हणून रिटायर झालेल्या. मूळच्या नगरच्या, मराठी ख्रिस्ती घरातल्या. तरुणपणी नोकरीसाठी दिल्लीला आल्या त्या इथल्याच झाल्या, नवराही इथेच गेला. पण मराठी मात्र अशी, की कालच नगरहून गाडीतून उतरल्या असाव्यात. आमच्यासारखं वाक्यावाक्याला ‘अच्छा’ आणि ‘बिल्कुल’ त्यांच्या तोंडी यायचं नाही. रागावल्या की मात्र सरळ ऑफिसच्या हिंदीत शिरायच्या, आणि ती हिंदी इतकी शुद्ध असायची की भाजीवाला भाव सांगायचंच विसरायचा. सुती साडी, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट आणि थंडीत डोक्याला नवऱ्याचा जुना तपकिरी मफलर. कॉलनीत सगळे त्यांना आंटी म्हणायचे, आम्ही मराठी म्हणून मावशी.

आप्पा म्हणजे माझे वडील. अकोल्याच्या बस स्टँडवर वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची सगळी नोकरी गेली. गाड्या लावायच्या, सोडायच्या, आणि माईकवरून गावांची नावं पुकारायची. आई गेल्यावर ते आमच्याकडे आले, आणि आल्या वर्षीच न्हाणीघरात घसरून त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. त्यानंतर एक फिजिओथेरपिस्ट घरी यायचे. भला माणूस. त्यांनी आप्पांना पलंगावरून वॉकरवर आणलं, वॉकरवरून काठीवर, आणि शेवटी काठी घेऊन जिन्यावर. शेवटच्या दिवशी आप्पा एकटे खाली जाऊन वर आले. आम्ही मिठाई आणली. फिजिओथेरपिस्ट आप्पांशी हस्तांदोलन करून म्हणाले, अंकल, आता बस व्यायाम जारी ठेवा. आणि गेले.

आम्हाला वाटलं, झालं. पूल बांधून झाला की तो आपला उभा राहतो, तसं माणूस एकदा चालायला लागला की लागला. पण तसं नसतं. आधी जिना गेला, कारण थंडी पडली आणि मग हवा इतकी खराब झाली की डॉक्टरांनीच घरात राहा सांगितलं. मग बाल्कनी गेली, कारण उंबरठा उंच होता. न्हाणीघराची त्यांना भीती वाटायची म्हणून आम्ही आत प्लास्टिकची खुर्ची ठेवली आणि त्यांना आंघोळ घालायला लागलो. ताट पलंगापाशी न्यायला लागलो. आम्ही दोघं ऑफिसला जायचो तेव्हा एक बाई घरी असायची, तीही मायाळू, पाण्याचा पेलासुद्धा हातात द्यायची. देवघरातली पितळी घंटा आम्ही त्यांच्या उशाशी ठेवली होती. वाजवली की कुणीतरी धावायचं. या सगळ्यात कुणाचंच वाईट चिंतलेलं नव्हतं. पण वसंत आला तेव्हा आप्पांचं पलंगावरून खुर्चीत आणि खुर्चीतून पलंगावर, एवढंच राहिलं होतं, आणि त्यालाही आमच्यापैकी एकाचा खांदा लागत होता.

मावशींनी मला जिन्यात गाठलं. वरून काठीचा आवाज येईनासा झालाय, म्हणाल्या. मी सांगितलं की फिजिओथेरपी संपली, आता आम्हीच बघतो. काय बघता, असं त्यांनी विचारलं. मी भोळेपणाने सांगितलं: सकाळी त्यांना उठवतो, बसवतो, आंघोळ घालतो, भरवतो, संध्याकाळी जरा खोलीतल्या खोलीत फिरवतो.

मावशींनी हातातली पिशवी पायरीवर ठेवली. मग म्हणाल्या, “एका दिवसात एवढी प्रयोजक क्रियापदं?”

मला शाळेतलं व्याकरण आठवेना. त्यांनीच समजावलं. उठणं हे आप्पांचं, उठवणं हे तुझं. बसणं त्यांचं, बसवणं तुझं. तुझ्या वाक्यांत आप्पा कुठेच काही करत नाहीत, त्यांच्यावर सगळं केलं जातं. “माणूस आधी वाक्यातून जातो गं,” त्या म्हणाल्या, “मग पलंगावरून.”

त्या शनिवारी त्या वर आल्या. मी चहा टाकायला निघाले तर म्हणाल्या, मी यांच्या हातचा घेईन. आप्पा हसले, त्यांना ती थट्टा वाटली. मावशींनी पिशवीतून पेपर काढला आणि वाचत बसल्या. पूर्ण पेपर वाचून, घडी घालून, चहा न घेता खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा आल्या, तसंच बसल्या आणि तशाच गेल्या. जाताना उशाजवळची घंटा उचलली, नाताळला लागेल म्हणाल्या आणि पिशवीत टाकली. आप्पा संतापले. माझ्या घरी येऊन माझीच वस्तू नेते, ही बाई कोण लागते, असं त्यांनी मला रात्री जेवताना विचारलं. कितीतरी दिवसांनी त्यांचा आवाज असा चढला होता.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला, नेमकं आठवत नाही, मी बाजारातून आले तर स्वयंपाकघरात आप्पा ओट्याला पोट टेकवून उभे होते. दूध उतू जाऊन शेगडीभर झालं होतं. साखरेचा डबा वरच्या फळीवर, आणि आप्पांचा हात त्याच्या दिशेने. मावशी बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होत्या. मी धावले तर त्यांनी पेपरावरून डोळे न काढता मला बोट दाखवून थांबवलं. डबा खाली आला. आप्पा एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात अर्धा सांडलेला कप घेऊन आले. मावशींनी चहा घेतला आणि सांगितलं, “अगदी वाईट झालाय. उद्या आलं घाला.”

आप्पा त्या रात्री आल्याचा तुकडा कुठे ठेवलाय ते विचारत होते.

मावशींना व्यायाम हा शब्द आवडायचा नाही. नुसते पाय वर-खाली करून कुणाला जगावंसं वाटतं, असं त्या म्हणायच्या. त्या माणसाला काम लावायच्या. कॉलनीत आणखीही काही जण त्यांच्या तावडीत होते. कोपऱ्यावरच्या क्वार्टरमधल्या एका सरदारजींना मावशींनी आपल्या घरचं दूध आणायला लावलं होतं, कारण म्हणे डेअरीवाला मावशींना फसवतो. आप्पांना त्या सरोजिनी नगरच्या मार्केटमध्ये पायजम्याचं कापड घ्यायला घेऊन गेल्या. त्या गर्दीत धडधाकट माणूस घाबरतो. परत आल्यावर आप्पा दुकानदाराशी घातलेली हुज्जत मला अर्धा तास सांगत होते, आणि पाय दुखतात हे सांगायला विसरले होते.

हे वेड त्यांना लागलं कसं, हे मी एकदा विचारलं. त्यांनी सरळ सांगितलं. ऑफिसात असताना आरोग्याची माहितीपत्रकं त्यांच्या टेबलावर यायची. पडल्यावर काय करावं, लकवा झाल्यावर काय करावं, ऑपरेशननंतर काय करावं. त्या ती इंग्रजीतून हिंदीत करायच्या. सगळ्या पत्रकांचा शेवट सारखाच: घरी गेल्यावर व्यायाम जारी ठेवा. एके दिवशी, त्या म्हणाल्या, मी ते वाक्य लिहिताना पेन खाली ठेवलं. मला प्रश्न पडला, की हे जारी कोण ठेवणार? दवाखाना तर संपला. डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे गेला. घरचे ऑफिसला गेले. त्या वाक्यापुढे माणूस एकटाच उरतो. “मी शब्द बरोबर लिहिला होता,” त्या म्हणाल्या, “पण त्याच्यामागे माणूसच नव्हता. रिटायर झाल्यावर म्हटलं, आपण जाऊन बसू.”

त्यांचं सगळं मला पटत होतं असं नाही. पावसाळ्यानंतर एके दिवशी ऑफिसात फोन आला आणि मी धावत घरी आले. आप्पा कॉलनीच्या पार्कात पडले होते. फरशी उखडली होती, काठी तिच्यात अडकली. कपाळाला टाके पडले होते, गुडघा सुजला होता, आणि चेहरा असा झाला होता की मला ऑपरेशनचे दिवस आठवले. हाड मोडलं नव्हतं, पण ते नशीब. मावशी त्यांच्यापासून दोन हातांवर चालत होत्या. दोन हातांवर, धरून नव्हे.

मी खाली गेले आणि दारातच त्यांना सांगितलं, की आता पुरे. माझ्या वडिलांवर प्रयोग नकोत. पुन्हा वर येऊ नका. मी पुष्कळ बोलले. त्यांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, “चूक माझी आहे. फरशी मी बघायला हवी होती.” आणि मग हळूच, “आप्पा काय म्हणतात?”

मी आप्पांना विचारलंच नव्हतं.

मावशी वर येईनाशा झाल्या. आप्पा पुन्हा खुर्चीत बसले. गुडघ्याची सूज उतरली, टाके निघाले, तरी उठेनात. काठी दाराच्या मागे गेली. मी रजा काढून घरी राहिले आणि त्यांना हवं ते हातात देत राहिले. मला तेव्हा दोन्हीकडून भीती होती: चालले तर पडतील, आणि न चालले तर मला दिसत होतं ते, की वसंतातले आप्पा परत येतायत. कुठली भीती मोठी, याचा निर्णय मला करता येत नव्हता.

तो आप्पांनी केला. माझी रजा संपल्यानंतर एका दुपारी मी हाफ डे घेऊन लवकर आले तर खुर्ची रिकामी. पलंग रिकामा. न्हाणीघर, बाल्कनी, सगळं रिकामं. कामवाली बाई गॅस सिलिंडर घेत मागच्या दारी उभी होती, तिला काही माहीत नव्हतं. प्रत्येक वळणावर काय दिसेल याची कल्पना करत मी जिना उतरले. खालचं दार उघडं होतं. आत जेवणाच्या टेबलाशी आप्पा बसले होते आणि समोर मटारचा ढीग. मावशी दाणे काढत होत्या, आप्पाही काढत होते.

मी मावशींकडे पाहिलं. “त्यांनी बेल वाजवली,” त्या म्हणाल्या. “मी दार उघडलं. एवढंच केलं मी.”

आप्पा माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी आलो. मला कुणी आणलं नाही.”

व्याकरण त्यांनाही कळलं होतं.

त्यानंतर मी मध्ये पडले नाही. फक्त पार्कातली फरशी बसवून घ्यायला रोज एक तक्रार केली, आणि तिच्यावर सही आप्पांची असायची.

संक्रांतीला दिल्लीतली मराठी मंडळी बस करून पानिपतला काला अंबला जातात. तिथे स्मारक आहे, बाग आहे, झेंडे लागतात, भाषणं होतात. मावशी दरवर्षी जायच्या, आणि त्या वर्षी त्यांनी आप्पांचं नाव घातलं. मीही गेले. धुकं इतकं दाट होतं की बस हायवेवर मुंगीच्या पावलांनी चालली होती. उतरल्यावर गेटपासून स्तंभापर्यंत चालायचं होतं. कुणीतरी प्लास्टिकची खुर्ची घेऊन आलं आणि म्हणालं, काकांना बसवून उचलून नेऊ. आप्पांनी मावशींकडे पाहिलं. मावशी मफलर ठीक करत दुसरीकडे बघत होत्या. मग आप्पा त्या माणसाला म्हणाले, तुम्ही बसा, थकला असाल.

ते चालत गेले. थांबत, काठीवर भार टाकत, धुक्यात अर्धे दिसत, अर्धे न दिसत. भाषणं सुरू झाली होती. वक्ते पराक्रम सांगत होते, नंतर पराभव सांगत होते, आणि लोक डोळे पुसत होते. मावशी एका झाडाखाली उभ्या होत्या. मी त्यांना विचारलं, तुम्हाला लढाईचं एवढं वेड कसं. त्या म्हणाल्या, लढाईचं मला काही कळत नाही, ती एका दिवसात संपली. “पण त्यातून जे वाचले, ते इथून पायी घरी गेले असतील ना? याच थंडीत. जखमी, उपाशी, कुठे नर्मदा आणि कुठे काय. त्यांच्यावर कुणी भाषण करत नाही. मी त्यांच्यासाठी येते.”

मी स्तंभाकडे पाहिलं. आप्पा तिथे पोचले होते आणि टोपी काढून उभे होते.

परतताना माणसं इकडेतिकडे पांगली होती, तिळगूळ वाटत, फोटो काढत. ड्रायव्हर हॉर्न वाजवून थकला. तेव्हा बसच्या दारात एक हात दांड्याला धरून आप्पा उभे राहिले, आणि अकोल्याच्या स्टँडवरचा तो आवाज, जो मी लहानपणी शाळेतून येताना रस्त्यापलीकडून ऐकायचे, तो त्या धुक्यात निघाला. दिल्लीला जाणारी गाडी सुटत आहे. प्रवाशांनी आपापल्या जागेवर बसून घ्यावे. सगळं मैदान वळून बघायला लागलं. मावशी सगळ्यात शेवटी आल्या आणि नियमाने वागणाऱ्या प्रवाशासारख्या मुकाट्याने चढल्या.

मग क्वार्टर्स रिकामी करायचे आदेश आले. कॉलनी पांगली. आम्हाला आर. के. पुरमला जागा मिळाली, मावशींच्या मुलीने नोएडात फ्लॅट घेतला. फोन होत राहिले, भेटी कमी झाल्या. पुढे दोन-तीन वर्षांनी मुलीचा फोन आला. मावशींना पॅरालिसिसचा झटका आला होता.

आम्ही हॉस्पिटलमध्ये गेलो तेव्हा त्या झोपलेल्या होत्या. उजवा हात गेला होता, पाय थोडा, आणि वाचा. महिनाभर उपचार, मग व्यायाम, मग बोलणं शिकवणाऱ्या एक बाई. पाय पुष्कळ सुधारला. बोलणंही आलं, पण एक विचित्र गोष्ट झाली. हिंदी आली. नोकरीतली हिंदी, कागदावरची हिंदी, हळूहळू का होईना, पण परत आली. मराठी आली नाही. डॉक्टर म्हणाले, अनेक भाषा जाणणाऱ्यांचं कधीकधी असं होतं, कुठली भाषा आधी परतेल ते सांगता येत नाही. मुलगी मला फोनवर म्हणाली, आई मला ‘बेटी’ म्हणते. तिने मला आयुष्यात कधी बेटी म्हटलं नव्हतं.

उपचार संपले. बोलणं शिकवणाऱ्या बाईंनीही जाताना सांगितलं, घरी बोलत राहा.

आम्ही नोएडाला गेलो. आप्पा मेट्रोने आले, दोन ठिकाणी गाडी बदलून. मावशी सोफ्यावर ताठ बसल्या होत्या, उजवा हात मांडीवर ठेवलेला. मी काही विचारलं की उत्तर मुलगी द्यायची. आई बरी आहे. आईला झोप चांगली लागते. आई म्हणते, तुम्ही बारीक झालात. ती आईवर जीव टाकत होती, आईचे ओठ हलायच्या आधी तिला शब्द कळत होता आणि ती तो लगेच पुरवत होती. मावशी तिच्याकडे बघत होत्या. मग त्यांनी डावा हात उचलला आणि मुलीच्या तोंडावर ठेवला. रागाने नाही. आपण लहान मुलाच्या डोळ्यांवर ऊन येऊ नये म्हणून हात धरतो, तसा.

“मैं,” त्या म्हणाल्या. मग बराच वेळ काही नाही. “मैं बोलूँगी।”

त्यांनी जे ठरवलं ते ऐकून मुलगी हादरली. दिल्लीतल्या मराठी ख्रिस्ती लोकांची महिन्यातून एकदा मराठीत उपासना असते, दुसऱ्या एका चर्चचा हॉल मागून घेतात. तिथे पूर्वी शास्त्रवाचन, म्हणजे बायबलमधला उतारा वाचणं, बहुतेक मावशीच करायच्या. त्यांनी पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, निरोप पाठवला, की पुढच्या वेळी मी वाचणार. मुलगी मला म्हणाली, ताई, तुम्ही तरी सांगा. तिची मराठी आलेली नाहीये. सगळ्यांसमोर अडली तर ती परत तोंड उघडणार नाही, जेवढं आहे तेवढंही जाईल. तिचं म्हणणं खोटं नव्हतं. पार्कातल्या त्या दिवशी मीही असंच म्हणत होते.

मावशींनी सांगायला आप्पांना फोन केला, मला नाही. हिंदीत, तुटक. रोज संध्याकाळी त्या फोनवर तो मराठी उतारा वाचणार, आणि आप्पांनी ऐकायचं. अट एकच, शब्द सुचवायचा नाही. ज्या माणसाने जन्मभर माईकवर आवाज केला तो माझा बाप रोज संध्याकाळी फोन कानाला लावून गप्प बसायला लागला. मी स्वयंपाकघरातून बघायचे. त्यांचा चेहरा कधी आक्रसायचा, कधी सैल व्हायचा. त्यांना शब्द ठाऊक असायचा, ओठांवर यायचा, आणि ते तो गिळायचे. मधूनच फक्त म्हणायचे, हं, आहे मी.

त्या रविवारी हॉल भरलेला होता. आम्ही पुढच्या बाकाच्या मागे बसलो. गीत झालं, प्रार्थना झाली, पाळकांनी मावशींचं नाव घेतलं. त्या उठल्या. मुलगी अर्धवट उठली आणि पुन्हा बसली. पांढरे बूट हळूहळू फरशीवरून गेले, उजवा पाय जरा ओढत. त्यांनी वाचनाच्या उंच मेजाला डावा हात टेकला, चष्मा लावला, आणि वाचायला सुरुवात केली. मराठीत. सावकाश, प्रत्येक शब्द जणू कुठून तरी खालून वर काढावा लागतोय असं. पण नगरची ती जुनी सफाई त्यात होती. एक वाक्य झालं. दुसरं झालं.

त्या उताऱ्यात एका विहिरीचा उल्लेख आहे. त्या शब्दापाशी मावशी थांबल्या.

डोळ्यांसमोर अक्षरं होती. वस्तूही त्यांना कळत होती, हे चेहऱ्यावरून दिसत होतं. शब्द येत नव्हता. हॉलमध्ये पंख्यांचा आवाज होता फक्त. मागच्या बाकावरून एक बाई दया येऊन हळूच म्हणाल्या, “कुआँ।” मावशींनी मान वर केली आणि नकारार्थी हलवली. तो शब्द त्यांच्याकडे होताच. तो त्यांच्या जिभेवर तयार बसला होता, हे मला रोज फोनवर त्यांना ऐकणाऱ्या आप्पांच्या चेहऱ्यावरून समजलं. तो घेतला असता तर वाक्य पुढे गेलं असतं, सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला असता, कुणीही त्यांना दोष दिला नसता. त्यांनी घेतला नाही. त्या उभ्या राहिल्या. पाळक पुढे सरकले, मावशींनी डाव्या हाताचा तळवा त्यांच्याकडे केला आणि ते जागच्या जागी थांबले. माझ्या शेजारी आप्पांनी दोन्ही मुठी काठीवर आवळल्या होत्या. मुलीने डोळे मिटले होते. किती वेळ गेला ते मला माहीत नाही. एवढी माणसं एका शब्दासाठी इतकी शांत बसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही पाहिली नाहीत.

मग त्यांचे ओठ पुढे आले, मिटले, पुन्हा उघडले.

“विहीर,” मावशी म्हणाल्या.

आणि लगेच पुढचं वाक्य वाचायला लागल्या, कारण उतारा अजून बराच बाकी होता. त्यात त्या आणखी अडल्या, दोनदा की तीनदा, आणि दर वेळी हॉल थांबला. कुणी कुजबुजलं नाही. मुलीने डोळे उघडले होते आणि ती आईकडे अशी बघत होती, की जणू ती बाई तिने आजच पाहिली.

वाचन संपल्यावर मावशी आल्या तशाच परत गेल्या, पुढच्या बाकावर टेकल्या, श्वास लागला होता तो सावरला, आणि जरा मागे वळल्या.

“वेळ लागला,” त्या आप्पांना म्हणाल्या.

“लागू दे,” आप्पा म्हणाले.

मावशींनी मान हलवली आणि त्या प्रवचन ऐकायला पुढे वळल्या.